कॅनडाच्या सी-३० बिलाचं मागचं रामायण

कॅनडातलं सी-३० हे बिल २०१२ ला गाजलं, पण पोलिसांना इंटरनेट कंपन्यांकडून माहिती पटकन मिळावी यासाठीची खटपट २००५ पासून चालूच होती. आधी पंतप्रधान मार्टिन यांच्या लिबरल सरकारने बिल आणलं आणि दोन आठवड्यांत सरकारच कोसळलं, मग पंतप्रधान हार्पर यांच्या कन्झर्व्हेटिव्ह सरकारने २००९ ला आणलं ते अधिवेशन गुंडाळल्यामुळे बारगळलं, २०१० ला परत आणलं तर निवडणूक लागली. तोवर याला कोणी पाडलंच नव्हतं, ते आपलं आपणच मरायचं. २०११ ला हार्परना बहुमत मिळालं, आता अडवणार कोण!

बिलात काय, तर ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, आयपी अॅड्रेस (म्हणजे इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक) अशी माहिती कंपन्यांनी पोलिसांना वॉरंटशिवाय द्यायची, आणि पाळतीची सोय कंपन्यांनीच आपल्या नेटवर्कात करून ठेवायची.

१३ फेब्रुवारी २०१२ ला एका लिबरल खासदाराने शंका काढली तर सार्वजनिक सुरक्षा मंत्री विक टोज म्हणाले, एकतर आमच्या बाजूने उभे राहा नाहीतर चाइल्ड पॉर्नवाल्यांच्या. झालं! दुसऱ्या दिवशी बिल मांडलं, त्याच्या नावात मुलांचं संरक्षण वगैरे, आत मुलांचा पत्ताच नाही. लोक इतके भडकले की ट्विटरवर टोजना आपला दिवसभराचा फालतू तपशील सांगत सुटले, घ्या, सगळंच हवंय ना तुम्हाला. एका निनावी अकाउंटने तर त्यांच्या घटस्फोटाची कागदपत्रंच टाकायला घेतली (हे मला तेव्हाही पटलं नव्हतं). ऑटावा सिटिझन या पेपरने त्या अकाउंटवाल्याला एक लिंक पाठवली, त्याने क्लिक केलं, आयपी अॅड्रेस निघाला थेट संसदेचा, पुढे लिबरल पक्षाचाच एक कर्मचारी निघाला आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. नुसत्या आयपीवरून काय काय कळतं याचा याहून चांगला डेमो विरोधकांनाही जमला नसता.

त्यात टोजना रेडिओवर बिलातल्या एका कलमाबद्दल विचारलं तर मंत्रीसाहेबच चकित. लोकांच्या खासगी माहितीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रायव्हसी कमिशनर तर आधीपासूनच विरोधात.

११ फेब्रुवारी २०१३ ला कायदामंत्री रॉब निकल्सन यांनी सी-३० पुढे नेणार नाही असं जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायबरबुलिंगच्या (ऑनलाइन छळाच्या) नावाखाली सी-१३ हे नवं बिल आलं, त्यात जुन्यातली बरीच कलमं होती, आणि २०१४ च्या डिसेंबरात ते पासही झालं. मधल्या काळात, जूनमध्ये, तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्पेन्सर खटल्यात सांगून टाकलं होतं की आयपीमागचं नाव-गाव हवं असेल तर एरवी वॉरंट लागेलच.