अँटेनाचे अर्थिंग आणि तडितसंरक्षण

उंचावर, उघड्यावर बसवलेली अँटेना, तिचा लोखंडी खांब आणि तिथून खाली उतरणारी केबल यांच्यामार्फत आकाशातली वीज घरात शिरू नये, म्हणून केलेली जोडणी व त्यासाठीची साधने. डीटीएचची छत्री, हौशी रेडिओचालकाने छपरावर ताणलेली तार, वायफायचा खांब, मोबाइलचा टॉवर, सगळ्यांना तत्त्व एकच. विजेला जमिनीत जायला घराबाहेरून सोपी वाट द्यायची आणि आसपासच्या धातूच्या भागांमध्ये व्होल्टेजचा फरक पडू द्यायचा नाही. यातला पहिला भाग बहुतेकांना ठाऊक असतो. नुकसान होते ते दुसरा राहून गेल्यामुळे.

जमिनीशी न जोडलेली सळई किती घातक, हे १७५३ सालीच दिसले. सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ वादळातल्या विजेचे मापन करत होते. छपरावरच्या सळईची तार त्यांनी खोलीतल्या उपकरणापर्यंत आणली होती, पण जमिनीत सोडली नव्हती. वीज उपकरणातून उडून त्यांना लागली आणि ते जागीच गेले. अर्थिंगविना उभा केलेला खांब आणि त्यावरून थेट टीव्हीमागे उतरलेली केबल, ही मांडणी आजही तीच आहे.

विजेचा शिखरप्रवाह साधारण ३०,००० अँपिअर असतो. मोठी वीज २ लाखांच्या वर जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो. प्रत्येक तारेला इंडक्टन्स असतो, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला ती विरोध करते. सरळ तारेचा तो मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री धरतात. एका मायक्रोसेकंदात ३०,००० अँपिअर चढले, तर एक मीटर तारेच्या दोन टोकांतच ३०,००० व्होल्टचा फरक पडतो. तार जाड घेऊन हा आकडा फारसा उतरत नाही. लांबी कमी केली की उतरतो. म्हणून अर्थिंगची तार किंवा पट्टी जवळच्या वाटेने सरळ खाली न्यावी. वळण द्यावेच लागले, तर मोठ्या गोलाईचे द्यावे, काटकोनी नव्हे. उरलेल्या तारेचे वेटोळे करून खांबाला बांधून ठेवलेले अनेक गच्च्यांवर दिसते. ते वेटोळे विजेची वाट अडवते आणि ती शेजारच्या केबलकडे वळते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अँटेनासाठी घराच्या अर्थिंगपासून तोडलेले ‘स्वतंत्र’ अर्थिंग. अर्थिंगचा खड्डा उत्तम आहे, त्याचा रोध १० ओहमच आहे असे धरू. ३०,००० अँपिअर आले की तो ३ लाख व्होल्टवर चढतो. घराच्या मीटरचे अर्थिंग मात्र त्या क्षणी जवळपास शून्यावर असते. या दोघांना जोडणारा दुवा उरतो तो सेट-टॉप बॉक्स किंवा रेडिओ, कारण त्याला एकीकडून केबल आणि दुसरीकडून घरातल्या विजेची वायर जोडलेली असते. फरक त्याच्यातूनच मिटतो. दोन्ही अर्थिंगे जमिनीलगत जाड पट्टीने एकमेकांना जोडली, की सगळे एकदम वर चढते व एकदम खाली येते. केबल घरात जिथे शिरते, तिथेच तिचे धातूचे जाळीदार आवरण या पट्टीला बांधावे आणि आतल्या तारेसाठी तिथेच अरेस्टर, म्हणजे व्होल्टेज अचानक चढले की ते जमिनीकडे वळवणारे साधन, बसवावा. छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे संकेत टिपणाऱ्या डबीला, याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो. तेव्हा हा डीसी (एकदिश) पुरवठा जाऊ देणारा, वायूनलिकेचा अरेस्टर घ्यावा. आतली तार कायमची जमिनीला जोडणारा प्रकार इथे चालत नाही.

महाराष्ट्रात विजांचा जोर वळवाच्या पावसात, म्हणजे नेमकी जमीन सुकलेली असताना असतो. ओली काळी माती उत्तम वाहक, पण मे महिन्यात ती आकसते, भेगाळते आणि जमिनीत पुरलेल्या सळईपासून किंवा पाइपपासून (इलेक्ट्रोड) सुटते. अर्थिंगची मोजणी म्हणूनच पावसाळ्यात नव्हे, उन्हाळ्याच्या अखेरीस करावी. मीठ-कोळशाच्या खड्ड्याला पाणी घालत राहावे लागते आणि मिठाने जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गंजतो; ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती त्यापेक्षा बरी. कोकणच्या कातळावर सळई ठोकताच येत नाही. तिथे घराभोवती चर खणून पट्टी आडवी पुरतात.

तांब्याची तार जस्त चढवलेल्या खांबाला थेट आवळू नये. ओल लागली की जस्त झिजते, खाली गंज धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत सांधा नावापुरता उरतो. मध्ये स्टेनलेस स्टीलचा क्लॅम्प घ्यावा.

भारतात अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि तडितसंरक्षणासाठी आयएस/आयईसी ६२३०५ ही मानके आहेत. दुसऱ्यात संरक्षित भाग ठरवायला इमारतीवरून एक काल्पनिक गोल फिरवतात. संरक्षणाच्या पातळीनुसार त्याची त्रिज्या २० ते ६० मीटर असते. गोल जिथे टेकतो तिथे वीज पडू शकते. तांब्याच्या केबलऐवजी प्रकाशीय तंतू (ऑप्टिकल फायबर) वापरला, तर त्या वाटेने वीज येतच नाही. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० महाकाय अँटेनांचे संकेत नियंत्रण केंद्रापर्यंत अशाच तंतूंतून येतात.

हे सारे करूनही थेट पडलेल्या विजेपासून उपकरण वाचेलच असे नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातल्या विजांची सूचना देते. ढग गडगडण्याआधीच प्लग व केबल दोन्ही काढावीत. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नये की गच्चीवर जाऊ नये. काढलेले टोक टीव्हीमागे लोंबकळत न ठेवता, बाहेर अर्थिंगच्या पट्टीला जोडता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी.