जंतूंना ऊन दाखवताना

मार्च लागला की लालबागच्या मिरची गल्लीतून ब्याडगी, शंकेश्वरी, काश्मिरी मिरच्यांच्या पिशव्या घरी येतात आणि आमच्या इमारतीच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. आई दर तासा-दीड तासाने वर जाते आणि मिरच्या खालीवर करते. "नुसतं पसरून उपयोग नाही, सगळ्या बाजूंनी ऊन दाखवावं लागतं," असं ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. डाळींना ऊन दाखवायचं, गाद्यांना दाखवायचं, लोणच्याच्या बरण्यांना दाखवायचं. त्या वाक्यातल्या 'सगळ्या बाजूंनी' या दोन शब्दांचं वजन मला पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना कळलं.

गच्चीवरच्या उन्हाचं मुख्य काम वाळवण्याचं असतं, हे आधी स्पष्ट करते. मिरचीतलं पाणी उडालं की जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला आधारच राहत नाही. सूर्याच्या प्रकाशातले जंतूंना सर्वांत घातक किरण आपल्या गच्चीपर्यंत पोहोचत नाहीत. ओझोनचा थर आणि वातावरण ते वरच्या वर शोषून घेतात, आणि ते पोहोचले असते तर आपणही इथे नसतो. पण प्रकाश जंतूंना मारतो, हेही तितकंच खरं आहे. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट यांनी जिवाणू वाढतील असं द्रावण नळ्यांमध्ये भरलं. काही नळ्या उघड्या उन्हात ठेवल्या, काहींना शिशाचा पातळ पत्रा गुंडाळला. गुंडाळलेल्या नळ्यांतलं द्रावण जिवाणूंनी गढूळ झालं, उन्हातलं नितळ राहिलं. ऊन दोन्हींवर सारखंच पडत होतं, फरक होता तो फक्त सावलीचा.

आज अन्नाच्या कारखान्यांत आणि आपल्या घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये जो प्रकाश वापरतात, तो अतिनील किरणांमधला सर्वांत कमी लांबीच्या लहरींचा गट, म्हणजे यूव्ही-सी. पाऱ्याच्या वाफेचा दिवा तो २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरींत देतो (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). डीएनए सर्वांत जास्त प्रकाश शोषतो २६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निसर्गतः हा दिवा जवळजवळ नेमक्या जागी बसतो. डीएनएच्या साखळीत शेजारी शेजारी असलेले थायमिन या घटकाचे दोन रेणू ही ऊर्जा घेऊन एकमेकांना चिकटतात. मग साखळीची प्रत काढणारी यंत्रणा त्या गाठीपाशी अडते. जिवाणू लगेच मरतो असं नाही, पण त्याला पिल्लं होत नाहीत. पोटात जाऊन दोनाचे चार, चाराचे आठ होणं हाच ज्याचा धोका, त्याच्या बाबतीत एवढं पुरतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही हे हातांनी केलं होतं. जिवाणू पसरलेल्या बशीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचा, बशी दिव्याखाली धरायची आणि रात्रभर उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी उघडा भाग स्वच्छ होता आणि झाकलेल्या भागात दाट वाढ होती. मधली रेघ कात्रीने कापल्यासारखी सरळ. एका बशीवर प्लास्टिकचं झाकण तसंच राहिलं होतं. तिच्यात सगळीकडे वाढ झाली होती. आपल्या डोळ्यांना पारदर्शक दिसणारं ते झाकण यूव्ही-सीला मात्र भिंतीसारखं होतं. साध्या काचेचंही तेच, म्हणून फिल्टरमधल्या दिव्याभोवतीची नळी क्वार्ट्झची असते.

ती सरळ रेघ मी विसरले नाही. प्रकाशाने अन्न निर्जंतुक करण्याच्या शास्त्रातली जवळजवळ प्रत्येक अडचण त्या रेघेच्या सावलीकडच्या बाजूला आहे.

उसाचा रस घ्या. रसवंतीवर ग्लासात येणारा तो हिरवट-पिवळा रस डोळ्यांनाच गढूळ दिसतो. फळांच्या रसात यूव्ही-सीचा बहुतांश भाग वरच्या मिलिमीटरभर थरातच शोषला जातो, आणि तळाशी असलेल्या जिवाणूला दिव्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून यंत्रांमध्ये रस पातळ पापुद्र्यासारखा वाहवतात किंवा नळीत घुसळत नेतात, की प्रत्येक थेंब कधी ना कधी दिव्याजवळ यावा. गच्चीवर मिरच्या खालीवर करण्याचंच हे रूप. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये फळांच्या रसासाठी या पद्धतीला परवानगी दिली. तिथल्या नियमानुसार रसावरच्या प्रक्रियेने घातक जंतू एक लाखातला जेमतेम एक उरेल इतके कमी व्हावे लागतात. रस उकळावा लागत नाही, त्यामुळे चव शिजल्यासारखी होत नाही, हा मोठा फायदा.

जिवाणूही सहज हार मानत नाहीत. १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांच्या लक्षात आलं की अतिनील किरणांनी जायबंदी झालेले सूक्ष्मजीव नंतर साध्या दृश्य प्रकाशात ठेवले, तर त्यांतले पुष्कळ सावरतात. त्यांच्याकडे एक विकर (एन्झाइम) असतं, ते निळ्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन थायमिनच्या त्या गाठी सोडवतं. प्रकाशानेच केलेली जखम प्रकाशच भरून काढतो! म्हणून मात्रा कमी पडू द्यायची नाही आणि प्रक्रिया झालेला माल लगेच उजेडात ठेवायचा नाही, ही काळजी घ्यावी लागते.

आता मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग, हळदीचा.

पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला की आपण तो धुऊन कडक उन्हात टाकतो आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो. हळद पिवळी दिसते, कारण तिच्यातलं कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतं. शोषलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. त्यातली काही शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला मिळते आणि तो भलताच आक्रमक होतो. असा चवताळलेला ऑक्सिजन समोर येईल त्याला पोळतो. कपड्यावर या सगळ्यात कर्क्युमिनचा स्वतःचाच रेणू मोडतो आणि डाग जातो. पण तेच कर्क्युमिन जिवाणूला चिकटलेलं असेल, तर जिवाणूचं आवरण, प्रथिनं, डीएनए एकदमच भाजून निघतात. एका जागी घाव घालणाऱ्या औषधाला जिवाणू सरावतो. इथे घाव चहूबाजूंनी होतो, म्हणून सरावणं अवघड जातं.

रंगद्रव्य आणि प्रकाश मिळून मारतात, हे १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला अ‍ॅक्रिडिन नावाच्या रंगद्रव्यावर काम करताना दिसलं होतं. रंग तोच, एकपेशीय जीव तेच, पण ते मरायला लागणारा वेळ उजेडाप्रमाणे बदलत होता. आता जगभर फळं, भाज्या, मासे, कोंबडी यांच्या पृष्ठभागावर कर्क्युमिन आणि निळ्या एलईडीचे प्रयोग होतात. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, ही पहिली अडचण. दुसरी, साल्मोनेला आणि ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंभोवती जास्तीचं बाह्य आवरण असतं, त्यामुळे रंगद्रव्याला आत शिरायला कष्ट पडतात. रंगद्रव्य न वापरता नुसत्या ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशानेही जिवाणू मरतात, कारण त्यांच्या पेशीत पॉर्फिरिन नावाची प्रकाश शोषणारी द्रव्यं मुळातच असतात. पण त्याला यूव्ही-सीपेक्षा हजारो पटींनी जास्त ऊर्जा लागते आणि कित्येकदा तास जातात.

यावरून कुणी सुरमईला हळद-मीठ लावून खिडकीच्या उन्हात ठेवू नये, ही कळकळीची विनंती. मुंबईच्या उष्म्यात मासा खराब होण्याचा वेग त्या हळदीपेक्षा फार जास्त आहे. हळद लावलेला मासाही फ्रीजमध्येच ठेवायचा.

प्रकाश अन्नही बिघडवतो. दुधातलं रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, प्रकाश शोषून हाच आक्रमक ऑक्सिजन तयार करतं आणि उजेडात राहिलेल्या दुधाला जळकट वास येतो. म्हणून मात्रा ठरवणं हे या शास्त्रातलं खरं कौशल्य आहे.

राहता राहिला दळलेला मसाला. भुकटीचा प्रत्येक कण दुसऱ्यावर सावली टाकतो, तिथे कुठलाही दिवा निरुपयोगी. याला उत्तर आहे ते प्रकाशाच्याच दूरच्या भावंडाकडे, गॅमा किरणांकडे. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमधून निघणारे हे किरण पोत्याच्या आरपार जातात, आणि त्यांनी अन्न किरणोत्सारी होत नाही. आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्ब्यात भाभा अणुसंशोधन केंद्राने यावर अनेक दशकं काम केलं, आणि २००० साली वाशीला मसाल्यांसाठी असं केंद्र सुरू झालं. २००७ मध्ये भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेला जाऊ लागला, तो लासलगावच्या केंद्रात किरणं दिल्यावरच. तिथे निशाणा जिवाणू नव्हते, फळात दडलेली कीड होती.

घरात येऊया. फिल्टरमधल्या दिव्याचा निळसर उजेड दिसतो म्हणजे काम चालू आहे, असं समजू नका. यूव्ही-सी डोळ्यांना दिसतच नाही. उजेड तसाच राहून जंतू मारण्याची ताकद वर्षभरात उतरते, म्हणून दिवा चांगला दिसत असला तरी ठरलेल्या वेळी बदलावा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर आधीची गाळणी स्वच्छ हवीच, नाहीतर मातीच्या कणाआड जिवाणू सुखरूप पार होतो. दिव्याकडे थेट पाहू नका, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.

आणि कोविडच्या काळात अनेकांनी घेतलेल्या त्या यूव्हीच्या पेटीत दादरहून आणलेली कोथिंबिरीची जुडी बांधलेली तशीच ठेवू नका. जुडी सोडा, मुळं कापा, काड्या सुट्या करा आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.