सोलापूर जिल्ह्यातील जमिनी व पिके

महाराष्ट्राच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या सीमेवर असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील शेतीचे गणित दोन गोष्टींवर बसते : वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पडणारा लहरी पाऊस आणि जमिनीची खोली. एकाच गावच्या शिवारात माळावर वीतभर माती असते, तर ओढ्याच्या काठी पुरुषभर काळी. कुठे काय पिकणार हे बहुतांशी या खोलीवर ठरते.

जिल्ह्यातील जवळपास सर्व माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे. उंचवट्यांवरील माती धुपून जाते आणि उघडा मुरूम उरतो. ती बरड किंवा मुरमाड जमीन. उतारावर मध्यम जमीन लागते. भीमा, सीना, माण या नद्यांच्या खोऱ्यांत खोल काळी साठते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत ३० सें.मी.पर्यंतची जमीन हलकी, ६० सें.मी.पर्यंतची मध्यम आणि त्यापुढची भारी धरतात.

काळ्या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात रानाला खोल भेगा पडतात आणि वरची भुसभुशीत माती त्यांत घसरते. पावसाळ्यात सगळे पुन्हा फुगून मिटते. ही माती चुनखडीयुक्त व विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) आहे. पालाश (पोटॅश) भरपूर, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि सेंद्रिय कर्ब मात्र कमी. चुन्यामुळे लोह पिकाला मिळत नाही आणि भुईमूग, ऊस यांची पाने पिवळी पडतात.

जिल्ह्याचे खरे पीक रब्बी ज्वारी. पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठे खंड पडतात आणि भरवशाचा पाऊस सप्टेंबरात येतो. शिवाय भर पावसात भारी रानात पाऊलही टाकवत नाही, इतका चिखल होतो. म्हणून खरिपात रान मोकळे ठेवून कुळवत राहायचे, पाणी मुरवायचे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पाहून पेरायचे, अशी रीत आहे. पुढचे चार महिने पीक बहुतेक साठलेल्या ओलीवर उभे राहते. ती ओल किती टिकेल हे खोलीवर अवलंबून असल्याने वाणही तसेच निवडतात : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी ३५-१, भारी जमिनीला फुले वसुधा. मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या संशोधन केंद्रातली निवड. नंतर कितीतरी वाण आले, तरी भाकरीच्या चवीसाठी आणि कडब्यासाठी (वाळलेल्या ताटांच्या चाऱ्यासाठी) लोक अजून तिचेच नाव घेतात. कडबा इथे दुय्यम समजणे चूक ठरेल. टंचाईच्या साली जनावरे त्यावरच जगतात.

कोळपणी म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने हलवणे; ‘एक कोळपणी अर्धे पाणी’ ही म्हण याच शेतीत पटते. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने करतात, म्हणजे भेगा बुजून ओल उडत नाही. कोरडवाहू शेतीचा पद्धतशीर अभ्यास सोलापुरात १९३३ पासून सुरू आहे. बांधबंदिस्ती, खोल नांगरट आणि विरळ पेरणी यांवर आधारलेली ‘मुंबई पद्धत’ त्याच काळातली.

ज्वारीचे कोठार म्हणून मंगळवेढा प्रसिद्ध आहे. दुष्काळात सरकारी कोठार लुटवणाऱ्या संत दामाजीपंतांची कथा याच गावची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तालुक्याच्या दक्षिणेकडील गावे मात्र हलक्या जमिनीची व टंचाईग्रस्त आहेत; कोठाराची ख्याती काळ्या शिवाराची, सबंध तालुक्याची नव्हे.

हलक्या जमिनीला डाळिंबाने भाव आणला. बहार धरण्यासाठी, म्हणजे एकदम फुले येण्यासाठी, झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो. मुरमाड रानात तो सहज बसतो आणि निचराही चांगला होतो. भारी काळ्या रानात पाणी साचून मर रोग बळावतो. फळबागांना १९९० नंतर रोजगार हमी योजनेचे अनुदान मिळू लागले, ठिबक सिंचन आले आणि सांगोल्याचे माळ डाळिंबाने भरले. सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे आणि त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगाव येथे आहे. फळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या तेल्या रोगाने पुढे अनेक बागा काढायला लावल्या. नान्नजच्या परिसरात दोन्ही टोके शेजारी दिसतात : एकीकडे सोनाका, शरद सीडलेस ही द्राक्षे जिथे निघाली त्या बागा, दुसरीकडे माळढोक पक्ष्यासाठी राखलेले गवताळ माळरान.

पाणी आले तिथे खोलीचा हिशेब मागे पडला. माळशिरस भागात नीरा कालव्याने ऊस आधीच रुजवला होता. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाल्यावर माढा, पंढरपूर, मोहोळकडेही ज्वारीची राने उसाखाली गेली. करमाळ्यातील कंदर भागात धरणाच्या फुगवट्यावर निर्यातीची केळी होतात. कोरडवाहूत ओल धरून ठेवणारी हीच चिकणमाती पाटपाण्याखाली निचरा होऊ देत नाही. पाणीपातळी वर येते, क्षार पृष्ठभागावर साचतात, आणि सोडियम वाढले की रान चोपण, म्हणजे घट्ट व पाणी न मुरणारे, होते. अशा रानात जिप्सम टाकतात; पण आधी चर किंवा जमिनीखालच्या सच्छिद्र नळ्यांनी निचऱ्याची वाट केली नसेल, तर जिप्सममुळे मातीपासून सुटा झालेला सोडियम तिथेच राहतो आणि खर्च वाया जातो.