घास नेमका जातो कुठे : जेरी लोगमन यांच्या कामाची पार्श्वभूमी

जिभेच्या किंवा गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की नागपुरातल्या वॉर्डात नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पाणी कसं पाजायचं हे सांगायला स्पीच थेरपिस्ट कशाला? बोलणं नंतर बघू, आधी पोटात काही जाऊ द्या. प्रश्न रास्त आहे. सत्तरच्या दशकापर्यंत खुद्द अमेरिकेतही गिळणं हे वाचा-उपचाराचं काम फारसं कुणी मानत नव्हतं. ते काम या व्यवसायाच्या हाती आलं, त्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेतल्या वाचा-उपचारतज्ज्ञ जेरी लोगमन यांचा.

लोगमन यांचा जन्म १९४२ चा. पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचं शिक्षण अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात, आणि पुढची जवळपास सगळी कारकीर्दही तिथेच. सुरुवात मात्र उच्चारांपासून झाली. त्यांच्या शिक्षिका हिल्डा फिशर यांच्यासोबत त्यांनी केलेली उच्चार-चाचणी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) २०० रुग्णांच्या बोलण्याचा त्यांचा १९७८ चा अभ्यास आजही वाचावा असा आहे. १९७९ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या तीन प्रकारच्या ऑपरेशनांनंतर गिळण्यात काय बिघडतं, याची तुलना प्रसिद्ध झाली आणि १९८३ मध्ये गिळण्याच्या विकारांवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक आलं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद त्यांनी १९९४ आणि २००० असं दोनदा भूषवलं. जून २०१४ मध्ये त्या गेल्या.

पण त्यांचं खरं काम समजून घ्यायचं तर क्ष-किरणांच्या खोलीत जायला हवं. नेहमीच्या बेरियम तपासणीत रुग्णाला ग्लासभर बेरियम, म्हणजे क्ष-किरणांत स्पष्ट दिसणारं पेय, प्यायला देतात आणि मुख्यतः अन्ननलिका व जठर बघतात. तोंडातून घशात जाणारा घोट एका सेकंदाच्या आत निघून जातो, तो स्थिर फोटोत सापडत नाही. शिवाय ज्याचं पाणी श्वासनलिकेत जातं त्याला ग्लासभर बेरियम देणं धोक्याचंच. लोगमन यांनी ही तपासणीच बदलली. रुग्ण ताठ बसलेला, क्ष-किरण बाजूने, आणि चित्र फोटोऐवजी व्हिडिओवर. चौकटीत पुढे ओठ, मागे मानेचे मणके, वर टाळू आणि खाली अन्ननलिकेचं तोंड. पातळ बेरियम आधी १ मिली, मग ३, ५ आणि १० मिली, प्रत्येक मात्रा दोनदा. मग कपाने. त्यानंतर खिरीसारखा घट्ट पदार्थ चमच्याचा तिसरा भाग, आणि शेवटी बेरियम लावलेला बिस्किटाचा चतकोर तुकडा. या बिस्किटावरूनच तपासणीला सुरुवातीचं टोपणनाव मिळालं. १ मिली का? तो साधारण आपल्या लाळेच्या घोटाएवढा असतो, आणि चुकून फुप्फुसाकडे गेलाच तरी थोडकाच जातो.

व्हिडिओ हळू फिरवला की सगळ्यांत मोलाची गोष्ट दिसते : घोट चुकीच्या वाटेने गेला तो कधी. गिळण्याआधी गेला असेल तर जिभेचा ताबा सुटलाय किंवा गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होतेय. गिळताना गेला तर स्वरयंत्र पुरेसं बंद होत नाही. गिळून झाल्यावर गेला तर घशाच्या खळग्यांत उरलेलं अन्न नंतर घरंगळलंय. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही वेळा दिसतो तो ठसका. आणि पुष्कळांना तोही लागत नाही. घशाची संवेदना गेलेली असली की पाणी बिनआवाज खाली उतरतं आणि काही दिवसांनी ताप येतो. खाटेशेजारी बसून कितीही निरखलं तरी अशा रुग्णात ते कळत नाही.

उपायही लोगमन यांनी पडद्यावरच तपासायला लावले. यंत्र चालू आहे तोवर मान वळवून बघा, हनुवटी खाली घेऊन बघा, घोट लहान करून बघा. हा भाग आपल्याकडे सर्रास गळतो. 'हनुवटी छातीला लावून गिळा' ही सूचना सगळ्यांना सरसकट दिली जाते. हनुवटी खाली घेतली की जिभेचं मूळ मागच्या भिंतीकडे सरकतं आणि श्वासनलिकेचं तोंड अरुंद होतं. त्यामुळे गिळणं उशिरा सुरू होणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. पण १९९३ मध्ये लोगमन यांच्याच गटाने मेंदूविकाराच्या ३० रुग्णांत ती तपासली तेव्हा निम्म्यांनाच फायदा झाला. स्वरयंत्राच्या बाजूच्या खळग्यांत साचलेलं ज्यांचं आत जात होतं, त्यांना झाला नाही.

नागपूरसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची. इथे खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठरते आणि जबडा उघडेनासा होतो. तोंडाच्या कॅन्सरशी तर तंबाखू आणि सुपारी दोन्हींचा संबंध सिद्ध आहे. जिभेचा पुढचा भाग काढलेल्या माणसाची अडचण घास मागे ढकलण्याची असते. त्याने हनुवटी खाली घेतली तर घास ओठातून बाहेरच येतो. त्याला उलट डोकं किंचित मागे टाकून घास मागे सोडावा लागतो. अर्थात स्वरयंत्र नीट बंद होतं, हे आधी पाहिलेलं असेल तरच. सोबत श्वास रोखून गिळण्याची युक्ती शिकवतात : श्वास घ्या, रोखा, गिळा, लगेच खोका, आणि पुन्हा श्वास घेण्याआधी आणखी एकदा गिळा. चुकतं ते शेवटी. खोकण्याआधीच श्वास आत ओढला, तर स्वरयंत्राच्या वर थांबलेलं सगळं आत जातं. हृदयविकार असलेल्यांत या युक्तीने ठोके अनियमित झाल्याचं आढळलं आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं. घशाची एक बाजू लुळी असेल तर मान त्याच लुळ्या बाजूला वळवायची. ती बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. घरचे लोक हमखास उलटं करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण लुळ्या बाजूपासून दूर वळवणंच सहज सुचतं.

जेवणातही सवयीने गफलत होते. तर्री-पोहे मऊ म्हणून चालतील असं वाटतं. पण घट्ट आणि पातळ एकत्र आलं की पोहे चावून होईपर्यंत तर्री घशात उतरलेली असते. संत्र्याच्या फोडीचंही तेच. एकजीव घोटलेला वरण-भात त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. पातळ पाणी घशात पटकन उतरतं, म्हणून काहींना ते दाट करून देतात. पण दाट करायचं तर अंदाजाने करू नये. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढा, टोक बोटाने बंद करून १० मिलीपर्यंत भरा, मग बोट काढून १० सेकंद वाहू द्या. १ मिलीहून कमी उरलं तर पातळ, १ ते ४ किंचित दाट, ४ ते ८ थोडं दाट, त्यापुढे मध्यम दाट. सिरिंजवरचं ० ते १० हे अंतर ६१.५ मिमी हवं, नाहीतर उत्तर चुकतं. स्टार्चने दाट केलेलं पाणी तोंड लावून ठेवून दिलं तर लाळेने पुन्हा पातळ होतं.

दाट पाण्याचीही किंमत असते, आणि ती लोगमन सहभागी असलेल्या अभ्यासांतच पुढे आली. पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशाचे ७११ रुग्ण, २००८. हनुवटी खाली घेऊन पातळ पाणी प्यायलेल्यांपैकी ६८ टक्क्यांच्या, थोड्या दाट पाण्याने ६३ टक्क्यांच्या आणि मधासारख्या दाट पाण्याने ५३ टक्क्यांच्या श्वासनलिकेत पाणी गेलं. म्हणजे पडद्यावर दाट पाणी जिंकलं. पण त्याच प्रकल्पात ५१५ जणांना तीन महिने पाहिलं, तर न्यूमोनियात ठाम फरक दिसला नाही. दाट पाणी पिणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांच्या शरीरात पाणी कमी पडलं, हनुवटी खाली घेऊन पातळ पाणी पिणाऱ्या गटात २ टक्क्यांच्या. हे आकडे अमेरिकेतले. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. इथे दाट पाणी सुरू केलं की रोज किती मिली पोटात गेलं, हे लिहून ठेवावं लागतं, आणि लघवीचा रंग गडद झाला की त्याच दिवशी कळवावं लागतं.