दूषित जमिनीच्या शुद्धीकरण-पर्यायांचे मूल्यमापन (खानदेश)

बंद पडलेली गिरणी, गोदाम, वर्कशॉप किंवा जुना पेट्रोल पंप यांच्या जागेवर घरे, बाजार, शाळा किंवा बाग उभी राहण्याआधी तिथली माती आणि भूजल किती बाधित आहे हे तपासून, ती बाधा कोणत्या उपायाने, किती प्रमाणात आणि कोणाच्या खर्चाने दूर करायची याचा तौलनिक विचार करण्याची रीत. अशा जागेला नियोजनाच्या परिभाषेत ‘ब्राउनफिल्ड’ म्हणतात. हे काम प्रत्यक्ष शुद्धीकरणाच्या आधीचे, आणि खरे तर ले-आउट मंजूर होण्याच्याही आधीचे. क्रम उलटला की इमारतीचा नकाशा आधी ठरतो आणि खालच्या मातीचा विचार पाया खणताना, घाईत होतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत हा प्रश्न बराचसा कापसामागून आला. जळगाव स्टेशनजवळची खानदेश मिल, श्रीमंत प्रताप शेठ यांनी अमळनेरला उभारलेली प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची गिरणी आणि तालुक्या-तालुक्यांतले जीन-प्रेस (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे कारखाने) या जागा एकेकाळी गावाच्या कडेला होत्या. गाव वाढले आणि त्या मध्यात आल्या; जमिनीचा भाव चढला तसा त्यांवर प्लॉट पडू लागले. भुसावळची रेल्वे आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे तेल, कोळसा आणि राख यांचाही विचार या भागात करावा लागतो. प्रत्येक जुनी औद्योगिक जागा दूषित असतेच असे नाही. पण नुसती मोकळी आणि सपाट दिसते म्हणून ती स्वच्छ धरता येत नाही.

पहिली पायरी कागदांची आणि माणसांची. गिरणीचा जुना नकाशा मिळाला तर रंगखाते, बॉयलर, इंजिनखाते, ट्रान्सफॉर्मर, तेलाचे कोठार आणि सांडपाण्याची चारी कुठे होती ते कळते. नकाशा नसेल तर निवृत्त जॉबर (खात्याचे मुकादम) आणि फायरमन (बॉयलरवरचे कामगार) यांना सोबत घेऊन जागा फिरावी लागते. राख कुठे टाकत, रंगाचे पाणी कोणत्या नाल्याला सोडत, हे त्यांना पावलांनी ठाऊक असते. हे ज्ञान त्या पिढीबरोबर संपत चालले आहे, म्हणून ही पायरी लांबणीवर टाकू नये. रंगखात्याच्या जमिनीत क्रोमियम, इंजिनखात्याखाली वंगण आणि फर्नेस ऑइल, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याभोवती पीसीबी हे विषारी तेल, पडक्या छपरांत ॲस्बेस्टॉस आणि पेट्रोल पंपाच्या टाक्यांखाली बेंझिन शोधावे लागते. कापूसपट्ट्यातल्या कीटकनाशकांच्या जुन्या गोदामांत बीएचसी आणि एंडोसल्फान यांची तपासणी वगळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. बीएचसी त्याआधीच, 1997 मध्ये बंद झाले होते. पण ही द्रव्ये मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

धोका ठरवताना तीन गोष्टींची साखळी पाहतात: विष कुठे आहे, ते कोणत्या वाटेने सरकते आणि कोणापर्यंत पोचते. यातली एक कडी तुटली तरी धोका थांबतो. म्हणून प्रत्येक पर्यायाला पहिला प्रश्न हाच, की तो नेमकी कोणती कडी तोडतो.

खानदेशात यातली मधली कडी, म्हणजे वाट, सर्वांत अवघड आहे. वरची काळी माती फुगणारी. पावसाळ्यात ती चिकट होऊन पाणी अडवते, तर मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की तिला खोल भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून वरचे दूषण सरळ खालच्या मुरमात नेतो. चिकणमाती असल्याने पाणी झिरपत नाही, हे गृहीतक वर्षातले काही महिनेच खरे असते. शिवाय ही माती बहुधा चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. अशा मातीत शिसे आणि निकेल चिकटून राहतात, फारसे हलत नाहीत. क्रोमियमची मातीत दोन रूपे असतात, त्रिसंयुजी आणि जास्त विषारी असे षट्संयुजी. षट्संयुजीचे मात्र उलटे: त्याचा आयन ऋणभारित असल्याने ऋणभारित मातीचे कण त्याला धरत नाहीत आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे नुसते ‘एकूण क्रोमियम’ मोजलेला अहवाल इथे अपुरा पडतो. त्रिसंयुजी किती आणि षट्संयुजी किती हे वेगळे मोजलेच पाहिजे.

मातीखालचा थर जागोजागी बदलतो. चोपडा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात तापीचा गाळ शेकडो फूट खोल आहे. यावल आणि रावेरमध्ये अतिउपशाने पाणी खूप खाली गेले आहे, त्यामुळे वरून झिरपलेले दूषण बोअरमध्ये दिसायला बरीच वर्षे लागू शकतात. दक्षिणेकडे बेसाल्ट खडकात पाणी फटींतून आणि झिजलेल्या मुरमातून चालते. धुळे-नंदुरबार भागात तर बेसाल्टला चिरत गेलेल्या उभ्या दगडी भिंती, म्हणजे डाइक, मोठ्या संख्येने आहेत. सलग डाइक भूजल अडवतो, तर भेगाळलेला डाइक त्याला वाट करून देतो. नाल्याचा उतार पाहून ‘खालच्या अंगाची’ एखादी विहीर तपासणे येथे पुरेसे नाही. डाइकच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींचे नमुने हवेत, तेही उन्हाळ्याच्या शेवटी आणि पुन्हा पावसाळ्यानंतर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) शिसे लिटरला 0.01, निकेल 0.02 आणि एकूण क्रोमियम 0.05 मिलिग्रॅम या मर्यादा आहेत.

पर्यायांत सर्वांना आधी सुचतो तो माती उकरून नेण्याचा. त्याचा हिशोब मांडून पाहावा. एक एकर जागेतली एक मीटर खोल माती म्हणजे सुमारे 4,000 घनमीटर, वजनाने साधारण 6,400 टन. 16 टनांच्या डंपरने न्यायची तर 400 खेपा. घातक ठरलेली माती घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच जावी लागते, आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी ही राज्यातली केंद्रे जळगाव-धुळ्यापासून शेकडो किलोमीटरवर आहेत. म्हणून नमुन्यांचे जाळे दाट ठेवून खरोखर घातक असा छोटा तुकडा वेगळा काढणे, हीच मोठी बचत. अंतर आणि खर्च यांमुळे दुसरी एक वाट मोकळी होते आणि या नोंदीत तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे: उकरलेली माती, राख आणि पाडकामाचा डबर सखल प्लॉटवर किंवा शेतरस्त्यावर ‘भराव’ म्हणून जातो. त्याला कोणी शुद्धीकरण म्हणू नये. एका गावचे विष दुसऱ्या गावच्या विहिरीजवळ नेऊन टाकण्याचाच तो प्रकार आहे. माती नेण्याचा पर्याय मांडताना प्रत्येक खेप कुठे उतरणार हे लिहिलेले नसेल तर तो पर्याय तुलनेत धरूच नये.

दुसरा पर्याय जागेवरच झाकण्याचा. तो स्वस्त असतो आणि पार्किंग किंवा गोदामासाठी पुष्कळदा पुरतो. मात्र झाकण म्हणून शेजारची काळी माती वापरली तर पहिल्याच उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. खाली प्लास्टिकचा जाड पडदा, त्यावर पाणी वाहून नेणारा वाळूचा थर आणि वर मुरूम किंवा काँक्रीट, अशी रचना लागते. झाकलेल्या जागेत पुढे कोणी बोअर घेतला किंवा बेसमेंट खणले तर सगळे फुकट जाते.

क्रोमियमसाठी फेरस सल्फेट मिसळून षट्संयुजीचे त्रिसंयुजी करता येते आणि शिसे सिमेंटने बांधता येते. तेलाने भिजलेल्या मातीचे ढीग ओले ठेवून, उलथून, जिवाणूंकडून तेल खाववणे इथल्या उष्णतेत वेगाने होऊ शकते. अडचण ओल टिकवण्याची आहे. माती धुणे आणि बाष्प ओढून काढणे हे उपाय वालुकामय जमिनीत उत्तम, दाट काळ्या मातीत कुचकामी. वाळा किंवा मोहरी लावून धातू शोषून घ्यायला बरीच वर्षे लागतात, बिल्डरला तितका धीर नसतो. ‘काहीच न करणे’ हाही पर्याय तुलनेत मांडतात, कारण बाकीच्यांचा फायदा त्याच्याशीच मोजायचा असतो.

अमेरिकेत 1980 च्या सुपरफंड कायद्याखाली निवडीचे नऊ निकष रूढ झाले. आरोग्य व पर्यावरणाचे रक्षण आणि कायद्याचे पालन हे दोन उंबरठ्याचे. ते ओलांडल्याशिवाय पुढचा विचार नाही. मग टिकाऊपणा, विषारीपणा घटवण्याची क्षमता, कामाच्या काळातला धोका, अंमलबजावणीची शक्यता आणि खर्च यांचा तोल पाहतात, शेवटी शासन आणि स्थानिक लोक यांची मान्यता. प्रत्यक्षात खर्च पहिल्या रांगेत येऊन बसतो. निकषांचा क्रम त्यासाठीच महत्त्वाचा. कामाच्या काळातला धोका खानदेशात धुळीचा: एप्रिल-मेच्या वाऱ्यात उकरकाम केले तर शेजारच्या चाळी ती धूळ खातात. हिवाळा बरा.

भारतात दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जुलै 2025 मध्ये अधिसूचित झाले. स्थानिक प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करायचे. 189 रसायनांच्या पातळ्या त्यासाठी दिल्या आहेत. शुद्धीकरणाचा खर्च दूषण करणाऱ्यावर आहे. किरणोत्सारी कचरा, खाणकाम आणि कचरा डेपो यांना वेगळे नियम लागू होतात.

कुठली पातळी पुरेशी हे जागेच्या पुढच्या वापरावर ठरते. मुले मातीत खेळणार असतील तिथे गोदामापेक्षा कितीतरी कडक मर्यादा लागते. म्हणून पर्यायांची तुलना लोकांपुढे ठेवताना वापर बदलला तर काय, हेही सांगावे लागते. सभा मराठीत आणि जिथे लोक अहिराणी किंवा भिली बोलतात तिथे त्या भाषेत व्हावी. झाकून ठेवलेल्या दूषणाची नोंद गावात सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आणि शहरात मालमत्ता पत्रकावर असावी. पंधरा वर्षांनी प्लॉट घेणारा माणूस शुद्धीकरणाचा अहवाल शोधत बसणार नाही, तो उतारा पाहील.