आधी कुणी केलं आणि नंतर कुणी घेतलं: पॉप गायिकांचा नवेपणा आणि प्रभाव

"मॅडोनाने सगळं इकडूनतिकडून उचललं," एक जण म्हणतो. "ती नसती तर पुढच्या निम्म्या गायिका झाल्याच नसत्या," दुसरा म्हणतो. वाद तासभर चालतो आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं, कारण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. नवेपणा शोधायला गाण्याच्या मागे जावं लागतं: हे आधी कुणी केलं होतं? प्रभाव शोधायला पुढे: यानंतर कोण काय वेगळं करू लागलं?

'व्होग' घ्या. १९९०च्या त्या व्हिडिओत मॅडोना हातांची चौकट चेहऱ्याभोवती धरते, फॅशन मासिकातल्या मॉडेलसारखी क्षणभर गोठते आणि पुढच्या ठोक्याला दुसरी पोझ घेते. ही शैली तिची नव्हे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या 'बॉलरूम'मध्ये, म्हणजे नाच आणि पोझ यांच्या स्पर्धांच्या मेळाव्यांत, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स मंडळींनी ती घडवली. होझे गुटिएरेझ आणि लुईस कमाचो हे त्याच वर्तुळातले नर्तक. मॅडोनाने त्यांना व्हिडिओत आणि त्या वर्षीच्या दौऱ्यात घेतलं. नवेपणाचं श्रेय द्यायचं तर आधी त्या बॉलरूमला द्यायला हवं, आणि ते विसरलं जातं याचा मला मनापासून राग येतो. पण तो नाच घरोघरच्या टीव्हीवर नेला तो तिनेच, हेही नाकारता येत नाही.

ब्रिटिश गायिका केट बुशचं उलटं. १९७८मध्ये 'वदरिंग हाइट्स' आलं तेव्हा ती १९ वर्षांची होती. स्वतः लिहिलेल्या गाण्याने ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठणारी ती पहिली गायिका. कथा एमिली ब्राँटेच्या त्याच नावाच्या कादंबरीतली, पण खिडकीबाहेरून हाक मारणाऱ्या मेलेल्या नायिकेला, कॅथीला, इतक्या वरच्या पट्टीतला आवाज द्यावा, ही कल्पना केटची. तिचं १९८५चं 'रनिंग अप दॅट हिल' २०२२मध्ये एका वेब मालिकेमुळे ब्रिटनमध्येच पहिल्या क्रमांकावर गेलं. ३७ वर्षांत गाण्याचा एक सूरही बदलला नव्हता. वाढली ती पोहोच. आणि पोहोच म्हणजेही प्रभाव नव्हे.

प्रभाव कानाला कळतो तो अमेरिकी गायिका शेरच्या 'बिलीव्ह'मध्ये (१९९८). ऑटो-ट्यून हे चुकलेला सूर गुपचूप सरळ करायचं साधन. निर्मात्यांनी ते इतकं ताणलं की आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर टणकन उडी मारतो. पुढे पॉप आणि हिप-हॉपमध्ये ही तऱ्हा सर्रास झाली.

'गाणं स्वतः लिहिलं नाही, मग नवं काय केलं?' हा हिशेबही मला पटत नाही. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' डॉली पार्टनने लिहिलं आणि १९७४मध्ये हळुवार, शेजारी बसून निरोप घेतल्यासारखं गायलं. १९९२मध्ये व्हिटनी ह्यूस्टन तेच गाणं वाद्यांशिवाय सुरू करते. जवळपास पाऊण मिनिट मागे काहीच नाही, फक्त तिचा आवाज आणि मधले श्वास. शब्द डॉलीचे, चाल डॉलीची. पण नंतर हे गाणं गायला उभ्या राहिलेल्या कितीतरी जणी सुरुवातीला वाद्यं थांबवतात, ती व्हिटनीमुळे.