मॉडिफाय केलेली गाडी आणि वॉरंटी: पुरावा कुणी द्यायचा, या वादाची पार्श्वभूमी

"बाहेरून काही बसवलंत तर वॉरंटी जाईल." नवी गाडी घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. अलॉय व्हील असोत, एक्झॉस्ट असो की इंजिनाचं रिमॅपिंग (त्याच्या संगणकातली सेटिंग बदलणं), उत्तर ठरलेलं. पण सगळीच्या सगळी वॉरंटी रद्द होणं वेगळं आणि एखाद्या बिघाडाचा क्लेम नाकारला जाणं वेगळं. हा फरक कायद्यात उतरायला कित्येक दशकं लागली. त्यामागचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं: बिघाड त्या बाहेरच्या पार्टमुळेच झाला, हे सिद्ध कुणी करायचं?

गाडीत फेरफार करण्याची हौस गाडीइतकीच जुनी आहे. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटी मॉडेल टी बनवल्या. गाडी स्वस्त राहावी म्हणून कंपनी त्यात कमीत कमी वस्तू देत असे आणि बाकीचं लोक बाहेरून घेत. सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये या गाडीसाठीच्या सामानाची पानंच्या पानं असत. शेव्हरोले बंधूंनी याच इंजिनासाठी 'फ्रॉन्टेनॅक' सिलिंडर हेड काढलं आणि साध्यासुध्या मॉडेल टी शर्यतीत धावू लागल्या. रकस्टेल कंपनीचा दोन गिअरचा मागचा अ‍ॅक्सल तर फोर्डच्या मान्यतेने विकला जाई. म्हणजे कंपनीला चालणारा बदल आणि न चालणारा बदल ही विभागणी तेव्हापासूनचीच.

१९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोन प्रकरणं आली. एक आयबीएमचं. तिची यंत्रं भाड्याने घेणाऱ्याने दुसऱ्या कुणाची पंचकार्डं (माहिती नोंदवणारी भोकं पाडलेली कार्डं) वापरली, तर भाडेकरार संपुष्टात येईल अशी अट होती. निकृष्ट कार्डांनी यंत्राच्या कामात बिघाड होतो, हा कंपनीचा बचाव. न्यायालयाने तो फेटाळला: कार्ड कसं असावं याचे निकष सांगा, पण आमचंच घ्या ही सक्ती करू नका. दुसरं प्रकरण जनरल मोटर्सचं. डीलरांनी दुरुस्तीत कंपनीचेच सुटे भाग वापरावेत, ही तिची अट मात्र त्याच वर्षी टिकली. पुढच्या सगळ्या वादाची बीजं मला या दोन निकालांत दिसतात. बाहेरच्या वस्तूने नुकसान होऊ शकतं, ही भीती खोटी नाही. पण तेवढ्या भीतीवर ग्राहकाला बांधून ठेवायचं का?

त्या काळातली वॉरंटी म्हणजे तरी काय होती, हे १९५५ च्या एका अपघातातून उघड झालं. न्यू जर्सीतल्या एका गृहस्थाने मातृदिनाची भेट म्हणून पत्नीसाठी नवीकोरी प्लिमथ घेतली. गाडी घरी येऊन दहा दिवस झाले होते, मीटरवर ४६८ मैल. पत्नी गाडी चालवत असताना पुढून मोठा आवाज झाला, स्टीअरिंग हातातून गेलं आणि गाडी उजवीकडे वळून भिंतीवर आदळली. करारपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वॉरंटी छापलेली होती: ९० दिवस किंवा ४,००० मैल, यांतलं जे आधी होईल ते. तीही अशी की सदोष भाग ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने कारखान्यात पाठवायचा आणि कंपनीने तपासून तिचं 'समाधान' झालं तरच तो बदलून मिळायचा. इजा झाली, नुकसान झालं, त्याची जबाबदारी नाही. बड्या कार कंपन्यांच्या संघटनेनेच हा मसुदा ठरवलेला असल्याने दुसरीकडे जाऊनही ग्राहकाच्या पदरात तेच पडत होतं.

'हेनिंग्सन विरुद्ध ब्लूमफील्ड मोटर्स' या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली ही पळवाट बंद केली. ग्राहकाला घासाघीस करण्याची संधीच नसेल, तर अशा छापील कलमाच्या आडोशाने कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असं न्यायालय म्हणालं. या खटल्यातल्या गाडीत कुठलंही मॉडिफिकेशन नव्हतं. तरी मॉडिफिकेशनच्या वादाचा पाया इथेच आहे, कारण कंपनीच्या 'समाधाना'वर सगळं सोपवण्याच्या पद्धतीला इथे धक्का बसला.

साठच्या दशकात वॉरंटी हे विक्रीचं हत्यार बनलं. फोर्डने १९६१ च्या मॉडेलांना १२ महिने किंवा १२,००० मैलांची वॉरंटी दिली. क्रायसलरने १९६३ च्या मॉडेलांसाठी इंजिन-गिअरबॉक्सवर थेट ५ वर्षं किंवा ५०,००० मैल जाहीर केले. नेमक्या याच काळात, महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात रुजलेल्या हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या गाड्यांच्या, वेडाचं मोठ्या उद्योगात रूपांतर होत होतं. वेग वाढवणारे पार्ट बनवणाऱ्यांनी १९६३ साली 'सेमा' ही संघटना उभी केली. एकीकडे कंपनीची पाच वर्षांची हमी, दुसरीकडे त्याच इंजिनात नवा कॅमशाफ्ट आणि कार्बुरेटर बसवायला उत्सुक असलेला मालक. खटके उडणारच होते. धोका कुठे आहे, हे कंपन्यांनाही ठाऊक होतं. क्रायसलरने १९६६ साली आपलं ताकदवान ४२६ हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत दिलं, तेव्हा त्यावर ५ वर्षांची नव्हे, १२ महिने किंवा १२,००० मैलांचीच वॉरंटी ठेवली.

हमीचे आकडे मोठे झाले तसे नाकारलेले क्लेमही वाढले. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी व्यापार-नियामक संस्थेने वाहनांच्या वॉरंटीची चौकशी केली आणि अखेर मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी जानेवारी १९७५ मध्ये त्यावर सही केली. या कायद्यानुसार अमुक ब्रँडचाच पार्ट किंवा अमुक ठिकाणचीच सर्व्हिस घ्या, अशी अट वॉरंटीला जोडता येत नाही. ती वस्तू किंवा सेवा फुकट देणार असाल किंवा कमिशनने खास सूट दिली असेल, तरच हा अपवाद. बाहेरच्या पार्टमुळे बिघाड झाला असं म्हणायचं असेल, तर ते कंपनीने दाखवून द्यायचं.

याच कायद्याचा गैरसमजही तितकाच पसरला आहे. 'कायदा आपल्या बाजूने आहे, काहीही करा, वॉरंटी अबाधित' असं कायद्यात कुठेही नाही. टर्बोचं बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा कोंबण्याचा दाब, वाढवलं की सिलिंडरमधला दाब आणि तापमान वाढतं. मूळ इंधनाच्या हिशेबाने बसवलेलं इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तिथे चुकलं की नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, सुरू होतं आणि पिस्टनवर दोन रिंगांच्या मधला जो अरुंद धातूचा पट्टा असतो, तो तडकतो. अशा इंजिनाचा क्लेम कंपनीने नाकारला तर ती अन्याय करते आहे असं मला वाटत नाही. सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं. तिथेही दुवा सरळ आहे. जास्त वॅटचे बल्ब लावून होल्डर वितळला, तर वायरिंगचं तेच. पण त्याच उंच केलेल्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर बंद पडला, तर सस्पेन्शनकडे बोट दाखवून तो नाकारणं हा सरळ अन्याय आहे. दुर्दैवाने काउंटरवर हा फरक सांगणारं माणूस क्वचितच भेटतं.

पुढे हाच प्रश्न इतर देशांतही आला. युरोपीय संघाने २००२ साली वाहन क्षेत्रासाठी स्पर्धेचे नवे नियम करून स्वतंत्र गॅरेजांना आणि पार्ट बनवणाऱ्यांना वाव दिला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. सदोष दुरुस्तीने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. खुद्द अमेरिकेत कायदा होऊन चाळीस वर्षं झाल्यावरही कारवाईची वेळ येतच राहिली. २०१५ साली बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागाला आणि २०२२ साली हार्ले-डेव्हिडसनला आपल्या वॉरंटीच्या अटी बदलाव्या लागल्या.

दरम्यान पुराव्याचं स्वरूपच पालटलं. पूर्वी मेकॅनिक बॉनेट उघडून बदललेला पार्ट शोधत असे. क्लेमच्या आदल्या दिवशी मालकाने जुना पार्ट परत बसवला की विषय संपला. १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ पोर्ट (गाडीतल्या बिघाडाची माहिती वाचण्याची जोडणी) सक्तीचा झाला आणि इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू साक्ष देऊ लागला. ईसीयूतल्या सॉफ्टवेअरवरून एक पडताळणी क्रमांक निघतो. ट्यूनरने, म्हणजे रिमॅपिंग करणाऱ्याने, आकडे बदलले की तो कंपनीच्या नोंदीशी जुळत नाही. कित्येक ईसीयू आपल्यावर किती वेळा नवं सॉफ्टवेअर चढवलं हेही मोजून ठेवतात, त्यामुळे मूळ फाइल परत टाकली तरी माग उरतो. ऑडी-फोक्सवॅगनच्या मालकांमध्ये 'टीडी१' हा, गाडीत फेरफार झाल्याची नोंद करणारा, कंपनीचा शेरा धसका घेण्याजोगा ठरला तो यामुळेच. एकदा तो गाडीच्या नावावर चढला की इंजिनाशी संबंधित क्लेम अडकतो, डीलर कुठलाही असो.

खोटे क्लेम पकडले जाणं योग्यच आहे. मला खटकतं ते दुसरंच. सॉफ्टवेअर बदलल्याची नोंद म्हणजे बिघाडाचं कारण नव्हे, पण व्यवहारात तिला कारणाचाच दर्जा मिळतो. शिवाय बिघाडाच्या क्षणी बूस्ट किती होतं, तापमान किती होतं, नॉकिंग झालं होतं का, ही माहिती मालकाची बाजूही सिद्ध करू शकते. आता ती गाडीतून थेट कंपनीच्या सर्व्हरवर जाते. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये या दूरस्थ माहितीवर मालकाचाही हक्क असल्याचा कौल मोठ्या बहुमताने दिला. कार कंपन्यांच्या संघटनेने त्याच महिन्यात त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि कायद्याची अंमलबजावणी सुरू व्हायला जून २०२३ उजाडला.